डावीकडची तार

शहात्तर सालच्या त्या रविवारी विरुपाक्षच्या अंगणात विमानाचं इंजिन पहिल्यांदा सुरू होणार होतं. मुंबईच्या भंगारबाजारातून आणलेलं, जपानी मोटारीचं. त्यात पिस्टनच्या जागी एक तिकोनी लोखंड गरगर फिरायचं. वजनाला हलकं, म्हणून मिलमधल्या या फिटरने ते विमानाला बसवायचं ठरवलं होतं. पंख छपराखाली तयार होते. आज इंजिन जळालं, तर सगळी उमेदच संपणार होती.

कुठली नळी कशाची, हे सांगणारं सोलापुरात कुणी नव्हतं. विरुपाक्षने फुंकर मारमारून रेडिएटरच्या दोन जाड नळ्या ओळखल्या. दोन बारीक तोंडं मात्र उरली.

"ही कशाला असतील?" महादेवीने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"जपानात थंडी लई. गाडीत बसणाऱ्यांना ऊब द्यायला. सोलापुरात ऊब कुणाला पायजे?" त्याने दोन्ही तोंडांत मागाच्या लाकडी कांड्या ठोकल्या.

मग तारा. विरुपाक्ष इंजिनाच्या अलीकडे, महादेवी पलीकडे, समोरासमोर.

"डावीकडची गरमीची तार. तिला लाल चिंधी बांध. उजवीकडची तेलाची, तिला हिरवी."

तिने सांगितल्याप्रमाणे बांधल्या. त्याने चिंध्या बघून तारा गरमीच्या आणि तेलाच्या काट्यांना जोडल्या आणि इंजिन सुरू केलं. ते असं गोड गुणगुणलं की विरुपाक्षचे डोळे भरून आले.

"बघ, गरमीचा काटा जागचा हलत न्हाय. तेलाचा तर चढतोच हाय. लई झ्याक."

"अवो, पण वास कसला येतोय?"

"नव्या इंजिनाला येतोच."

"नवं कुटं? भंगारातलं हाय की."

यावर तो काही बोलणार, तोच एक कांडी सूं करत आभाळात गेली. उकळत्या, गंजक्या पाण्याचं कारंजं उडालं आणि शेजारच्या शिवलिंगप्पांच्या वाळत घातलेल्या धोतरावर तांबडी नक्षी उमटली. विरुपाक्षने धडपडत पेट्रोल बंद केलं.

इंजिन निवेपर्यंत दोघं शेजारी बसून राहिली. मग त्याने भीत भीत हाताने फिरवून पाहिलं. फिरलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"डावी म्हणालो हुतो की," तो तारा बघत म्हणाला.

"डावीच बांधली. माझी."

महादेवी पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "कांडी गच्चीवर पडलीया. घेऊन या."

विरुपाक्षने शिडीला हात लावला, एक पाय ठेवला आणि तो तसाच थांबला.

"मला न्हाय जमत. वर गेलं की गरगरतं."

"म्हणून व्हय पापड घालायला मलाच चढवता?" मग तिच्या ध्यानात आलं. "अवो, मग इमान कोण उडवणार?"

तो शिडीकडेच बघत म्हणाला, "तू. लग्नाआदी गड्ड्याच्या जत्रेत बघितलं हुतं तुला. पाळणा पार वर गेला, बाकीच्या पोरी किंचाळत हुत्या, आन् तू हात सोडून हसत हुतीस. मी खालीच उभा हुतो."

महादेवी पदर खोचून पुढे झाली. भराभर शिडी चढली, कांडी घेऊन उतरली. तोवर तो इंजिनाच्या अलीकडे जाऊन उभा होता; मग इंजिनाला वळसा घालून ती त्याच्या बाजूला, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"आता नीट सांगा," ती म्हणाली. "गरमीची तार कुठली? बोट ठेवून दाखवा."