आधी आवाज, मग तोंड

आमच्या मंगळवार पेठेत मल्लूअण्णांचं बटणांचं दुकान आहे. तिथं नवा माणूस आला, की अण्णा त्याला लगेच बटणं दाखवत नाहीत. चष्म्याच्या वरून त्याच्याकडं बघतात आणि विचारतात, "पावणं, आधी आवाज का आधी तोंड?"

ब्लाउजला हुक घ्यायला आलेल्या बाईनं यावर काय सांगावं? पण चुकून कुणी "आधी आवाज" म्हणालं, तर त्याला चहा मिळतो. "आधी तोंड" म्हणणाऱ्याला नुसतीच बटणं. मागं एक टायवाला विक्रेता आला होता. तो फार हुशारीनं म्हणाला, "दोन्ही एकदमच की हो, काका!" अण्णांनी त्याची नमुन्यांची पेटी स्वतःच्या हातानं बंद केली. "मग तुमचं आमचं जमायचं न्हाई," म्हणाले.

मी त्या दुकानाच्या वरच राहते आणि शाळेत गणित शिकवते, त्यामुळं विचित्र उत्तरांची मला सवय आहे. विचित्र प्रश्नांची सवय मला अण्णांनी लावली.

तर भानगड अशी. आमच्या लहानपणी टीव्हीवर रविवारी सकाळी बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात भोपूनाना नावाचा एक लाकडी म्हातारा आणि चिंधाबाई नावाची त्याची कापडी बायको. दोघं दिवसभर भांडायची आणि शेवटी एका ताटात जेवायची. एवढीच गोष्ट. पण रविवारी त्या वेळी पेठेत कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसायचं. आजही डोळे मिटले, की तो मुंग्या आलेला पडदा दिसतो आणि सगळी पेठ पाण्याखाली असल्यासारखी गप्प होते.

या भोपूनानाची एक खोड होती. त्याचा आवाज आधी यायचा आणि तोंड मागून उघडायचं. "लई भूक लागली" हे वाक्य हवेत संपत आलेलं असायचं, तेव्हा कुठं जबडा खाली पडायचा. अण्णा समजावून सांगतात, "बोलणारा येगळा, दोरी वढणारा येगळा. वढणारा आधी नीट ऐकायचा, मग वढायचा. आपल्याकडं ऐकून घ्यायची रीतच न्हाई, म्हणून लोकास्नी ती चूक वाटत्या."

आम्हां सगळ्यांना ती चूकच वाटायची. अण्णांना वाटत नाही. मध्यंतरी पेठेत केबलवाल्याचं काहीतरी बिघडलं, बातम्या सांगणारी बाई आधी बोलायची आणि ओठ मागून हलायचे. सगळ्यांनी केबलवाल्याला शिव्या घातल्या. अण्णांनी त्याला बोलावून पेढे दिले. पुण्यातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला आणि नेटवर्क अडखळलं, की मुलगा वैतागतो आणि अण्णा खूश होतात. "आता कसा माझा लेक दिसाय लागला!"

आणि अशात बातमी आली, की भोपूनानावर सिनेमा येतोय. नवा कोरा, सगळा संगणकावर केलेला.

पेठेत लगेच दोन तट पडले. कोल्हापुरात कशावरूनही दोन तट पडतात, त्याला सिनेमाच लागतो असं नाही. भोपूनाना प्रेमींचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. कुणी म्हणे चिंधाबाईचा पदर पूर्वी हिरवा होता, कुणी म्हणे तेव्हा टीव्हीच काळापांढरा होता, हिरवा तुला कुठला दिसला? अण्णा ग्रुपवर आधी आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे आणि त्यामागून तोंड उघडलेला स्वतःचा फोटो. दोन्ही मिळून एक निषेध.

खरी लढाई मात्र संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर व्हायची. तिथं म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून दूध देतात. मी बरणी घेऊन जायची. दिवेलागणीची वेळ, म्हशींच्या अंगाची ऊब, दुधाचा फेस आणि त्यात पन्नाशी-साठी उलटलेली माणसं बाहुल्यांवरून भांडताहेत. मला कधी कधी वाटायचं, आपण अजून घरीच झोपलोय आणि हे सगळं स्वप्नात चाललंय.

नव्या सिनेमाचे पुढारी म्हणजे संभातात्या. स्वतःच्या म्हशींचं दूध विकणारे, आवाज असा की म्हैस दचकून धार चोरते. त्या दिवशी त्यांनी मोबाइलवर सिनेमाचा ट्रेलर लावला आणि अण्णांच्या नाकासमोर धरला. भोपूनाना आता गुळगुळीत झाला होता. डोळे मिचकावत होता, आणि शब्द न शब्द ओठांवर चपखल बसत होता.

"बघ की मल्ल्या! कसं झ्याक तोंड हलाय लागलंय. न्हाईतर तुमचा तो जुना, लकवा मारल्यागत!"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ग्लास कट्ट्यावर ठेवून म्हणाले, "फट बुजवली की रं त्येनी."

"कसली फट?"

"आवाजाच्या आन् तोंडाच्या मधली. तेवढ्यातच आमचा संसार हुता."

मग अण्णांनी जे सांगितलं, ते त्यांच्या डोक्यावर इतकी वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं. त्यांची बायको गौराक्का चिकोडीकडची, कानडी मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा गंध नाही, आणि घरात सासू-सासरे, दीर-जावा. नवराबायकोनं चारचौघांत शेजारी बसायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. पण रविवारी सगळं घर भोपूनानाला हसायचं आणि ही नवी सून नुसती बघत बसायची. शेवटी अण्णांच्या आईलाच दया आली. धंद्यापायी कानडी येणारे घरात एकटे अण्णाच. "मल्ल्या, तिच्याजवळ बस आन् काय म्हणतोय ते सांग जा तिला."

"मग काय," अण्णा म्हणाले, "आवाज यायचा. ती कानाशी वाकून इचारायची, 'एनंतान?' काय म्हणतोय? त्येचं तोंड उघडायच्या आत मी तिला कानडीत सांगायचो. आन् तोंड उघडलं की बरोब्बर हसायची. आठवडाभरात आमचं तेवढंच बोलणं. बाबांच्या देखत, सगळ्यांच्या मधी."

"किती दिस चाललं?" संभातात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हशींना न घाबरवणारा निघाला.

"कार्यक्रम बंद हुईस्तवर. मधी एकदा मी बाजारात गेलतो, तर ही कोथिंबीरवालीसंगं भांडाय लागलेली. अस्सल कोल्हापुरीत! तिला मराठी कवाच आली हुती. तरीबी रविवारी कानाशी यायची. एनंतान?"

"मग तू काय म्हणलास तिला?"

"म्हणतोय कशाला? सांगत ऱ्हायलो की, काय म्हणतोय ते."

गौराक्का जाऊन बरीच वर्षं झाली. मला त्या क्षणी अण्णांची फार माया आली आणि ट्रेलर करणाऱ्यांचा तितकाच राग. अण्णांनी जाहीर केलं, की ते हा सिनेमा बघणार नाहीत. फट नसेल तर ते तिथं जाऊन बसणार तरी कुठं?

संभातात्यांनी मात्र पेठेतल्या सगळ्यांची तिकिटं काढली. अण्णांचं बखोट धरून म्हणाले, "चल. बघून शिव्या घालू. न बघता शिव्या घालणं आपल्या कोल्हापूरला शोभत न्हाई." अण्णांनी दुकानाला कुलूप लावलं.

सिनेमागृह लहान पोरांनी भरून गेलं होतं. एका बाजूला मी, मध्ये अण्णा, पलीकडं संभातात्या. अंधार झाला आणि भोपूनाना पडद्यावर आला, पेठेतल्या कुठल्याही घरापेक्षा मोठा. बोलला. आवाज आणि तोंड एकदम. अण्णा खुर्चीत मागं सरकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

थोड्या वेळानं भोपूनाना काहीतरी म्हणाला, आणि ते पोरांच्या कालव्यात बुडून गेलं. संभातात्या अण्णांच्या कानाशी वाकले. "काय म्हणाय लागलाय त्यो?"

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. नुसते त्यांच्या बाजूला कलले आणि हळूच, अगदी हळूच म्हणाले, "हसिवागैतंत."

भूक लागली म्हणतोय. एवढं कानडी मला कळतं. संभातात्यांना एक शब्द कळत नाही. सीमेपलीकडचं गिऱ्हाईक म्हैस बघायला आलं, तर ते बोलायला दुसरा माणूस शोधतात. आता तात्या सगळ्या सिनेमागृहाला ऐकू जाईल असं काहीतरी ओरडणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले.

ते ओरडले नाहीत. सगळं समजल्यासारखी मान हलवून पडद्याकडं बघत राहिले.

मग चिंधाबाई आली. या खेपेला पोरं गप्प होती, तिचं बोलणं मला लख्ख ऐकू आलं, म्हणजे संभातात्यांनाही आलंच असणार. तरी ते पुन्हा अण्णांच्या कानाशी वाकले.

"आन् ती?" त्यांनी विचारलं. "ती काय म्हणाय लागल्या?"