अडुसष्ट सालची माडी

सिताराम गुरुजींनी चित्रं काढणं सोडलं, आणि ते माझ्यामुळे सोडलं. सोमवारी त्यांनी रंगांची पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. पण ते अजून झालेलंच नाही असं धरून पहिल्यापासून सांगतो.

मी हरिओम. पाथरीत फ्लेक्स छापतो. दहा बाय चारच्या फ्लेक्सवर बावन्न शुभेच्छुक बसवावेत तर मीच; एकाचाही कान कापला जात नाही. टक्कल झाकणं, पोट आत घेणं, दोन वर्षं अबोला धरलेल्या भावांना खांद्याला खांदा लावून उभं करणं, हे सगळं माझ्याकडे चहा येईपर्यंत होतं. असा माणूस कलेच्या वाटेला गेला तर काय होईल, याचा विचार कुणीतरी आधीच करायला हवा होता.

सिताराम गुरुजी आमचे चित्रकलेचे मास्तर. अडुसष्ट सालापासून दर दिवाळीच्या सुट्टीत ते गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकायचे आणि समोरच्या त्याच चार घरांचं जलरंगात चित्र काढायचे. एका वर्षाचाही खाडा नाही. पत्र्याच्या ट्रंकेत अशी छप्पन्न चित्रं. ओळीनं मांडली की माळवदं जाऊन पत्रे येतात, पत्रे जाऊन स्लॅब येतो, ओट्यांच्या जागी शटरं येतात आणि शेवटी मोबाइलचा टॉवर उगवतो. पहिल्या चित्रात भुजंगकाकांच्या दारात एक म्हैस आहे. ती आपल्याकडे पाठ करून उभी आहे.

"म्हैस कामून काढली, गुरुजी?" मी एकदा विचारलं होतं.

"होती म्हणून. असंल ते काढायचं. नसंल ते उभं करायला आपून काय गवंडी हाव का?"

गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी गल्लीत जाहीर केलं, ते बरे होऊन येईस्तोवर या चित्रांच्या आर्ट प्रिंट काढतो, कापसाच्या जाड कागदावर, आणि वाचनालयात प्रदर्शन लावतो. कापूस आपल्याकडचा, कागद पुण्याचा. गुरुजींनी ट्रंक दिली. "जसंच्या तसं छाप," एवढंच म्हणाले.

पहिली प्रिंट बघायला भुजंगकाका आले.

"ह्याच्यात आमचं घर एवढुसंच कसं?"

"एवढंच होतं ना, काका."

"होतं रे. पण आमच्या निकिताची सोयरीक चालू हाय. पाव्हणे परदर्शनाला येयलेत. एक माडी टाक की."

माडी टाकली. चार मिनिटं लागली. अडुसष्ट सालात एक माडी जास्त झाली तर कुणाचं काय जाणार होतं?

दुपारी शेजारच्या धुरपताबाई आल्या. "भुजंगला माडी दिलीस म्हणं."

"मावशी, ती फक्त चित्रात..."

"मंग आमी काय रानात राहत होतो? आमाला दोन टाक. अन् तेची ती म्हैस काढ, तिथं आमची गाडी लाव."

"अडुसष्ट साली कोणती गाडी, मावशी?"

"कोणतीबी. पांढरी पायजे."

दोन माड्या दिल्या. वर नक्षीचा सज्जा दिला. तो एका लग्नपत्रिकेवरच्या राजवाड्याचा होता. संध्याकाळी काका परत आले आणि एकीच्या तीन माड्या करून घेऊन गेले. मी कुणाला नाही म्हणत नाही, धंद्याची सवय आहे. आठवडाभरात अडुसष्ट सालची पाथरी आजच्या पाथरीपेक्षा दोन मजले उंच झाली.

प्रदर्शनाच्या दिवशी गुरुजींची मुलगी मनिषाताई त्यांना हात धरून घेऊन आली. पहिल्याच चित्रापुढे ते थांबले आणि काळा चष्मा काढला. आता ओरडतील म्हणून मी मान खाली घालून तयार होतो. ते ओरडले नाहीत.

"माडी नव्हती," ते हळू म्हणाले. "मंग म्या काढली कशी?"

"होती की, गुरुजी," भुजंगकाका म्हणाले.

"होती तर," धुरपताबाई म्हणाल्या. वीस वर्षांत या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

खरं बोलायला ती वेळ चांगली होती. मी म्हणालो, "गुरुजी, चहा सांगू का?"

"मला वाटलं, आपून जलमभर हाय तेच काढलं," गुरुजी म्हणाले, आणि बाकीची पंचावन्न चित्रं न बघताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंकेतलं मूळ चित्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. माड्या, म्हैस, गाडी, सज्जा, सगळं कबूल केलं. गुरुजींनी चित्र खिडकीपाशी नेलं, नव्या डोळ्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून माड्या खोडून आणल्यास. म्हैसबी परत आणलीस. तुला येतं ते सगळं. पण कागद इतका जुना कुठून पैदा केलास रे?"

मी शपथ घेतली. ते हसले. मनिषाताई म्हणाली, "राहू दे हरिओम, आणखी काही करू नको."

सोमवारी पेटी आली. काल सुट्टी लागली. गल्लीच्या तोंडाशी स्टूल नाही. तिथं कुणीतरी मोटारसायकल लावली आहे.

प्रिंट खोटी आहे हे काही मला गुरुजींना पटवून देता येत नाही. मग प्रिंटप्रमाणे गल्ली खरी करणं एवढाच मार्ग उरतो. अर्ज आज टाकला:

प्रति, मा. मुख्याधिकारी, नगर परिषद.
विषय: दोन घरांवर एकूण पाच माड्या सन १९६८ पासून बांधून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, श्री. भुजंग यांच्या घरावर तीन व श्रीमती धुरपताबाई यांच्या घरावर दोन माड्या (सज्ज्यासह) पूर्वलक्षी प्रभावाने बांधण्यात याव्यात. सदर ठिकाणी त्या साली म्हैस नसून पांढरी गाडी होती, अशी नोंद घ्यावी. काम दिवाळीची सुट्टी संपण्याच्या आत पूर्ण करून तसा दाखला श्री. सिताराम गुरुजी यांच्या घरी पोच करावा.

गवंडी अर्जदार स्वतः घेऊन येईल.