देव्हाऱ्यावरची जागा

नव्या घरात आमचं सामान अजून खोक्यांतच होतं आणि बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे भोईरदादा. गळ्यात जाडजूड साखळी, बोटाबोटांत अंगठ्या आणि हातात मोजपट्टी. ओळख नाही, पाळख नाही, पहिलाच प्रश्न, "भाऊ, तुमचा देवारा कनच्या भितीला हाय?"

मला वाटलं, वास्तुशास्त्रवाले असणार, आता देव ईशान्येला हलवायला लावतील. पण त्यांनी चपला बाहेर काढल्या, हॉलमधल्या देव्हाऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून मोजलं आणि "बेस" म्हणून निघून गेले. दुपारभर आमच्या डोक्यावर फर्निचर सरकत होतं.

पुढे चहाला वर गेलो तेव्हा उलगडा झाला. दादांचा हॉल लग्नाच्या हॉलसारखा. संगमरवरी फरशी, छताला झुंबर, भिंतभर टीव्ही. आणि टीव्हीसमोर, जिथे कुठल्याही शहाण्या माणसाने सोफा ठेवला असता, तिथे झेंडूच्या कुंड्या लावून आखलेला एक मोकळा चौकोन. बरोब्बर त्याच्या खाली आमचा देव्हारा! सोफ्याची रवानगी कोपऱ्यात झालेली, आणि दादांचा मुलगा तिथून मान वाकडी करून क्रिकेट बघत होता.

"काय सांगू काका," तो म्हणाला, "घर आमच्या नावावर आहे, पण राहतोय भाडेकरूसारखे."

"मंग त्याच्या डोक्यावं बसून टीवी बघू?" दादा म्हणाले. "सगला त्याचा हाय. आपुन नुसतं राखनीला."

हे वाक्य त्यांच्या ओठांवरच असायचं. गाडीचं कौतुक करा, मुलाच्या धंद्याचं करा, उत्तर तेच. हा टॉवर कल्याणजवळच्या ज्या जमिनीवर उभा आहे, ती मुळात दादांची भातशेती. बदल्यात बिल्डरने फ्लॅट दिले, पैसा दिला. साहजिकच सोसायटीत त्यांना मान. पण गणपतीच्या आरतीला पुढे बोलावलं की हे सगळ्यांत मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभे. सत्काराची शाल दिली तर ती लगेच वॉचमनच्या खांद्यावर. अंगावर एवढं सोनं घालून नम्रपणा मिरवायची ही काहीतरी नवी तऱ्हा असावी, असं मला वाटायचं.

यंदा दिवाळीच्या आधी माझ्या बायकोने, सुलभाने देव्हारा बेडरूममध्ये न्यायचं ठरवलं. हॉलमध्ये पाहुण्यांची वर्दळ फार, म्हणाली. लिफ्टमध्ये मी हे दादांना सहज बोलून गेलो आणि त्यांचा चेहराच उतरला. आमच्या बेडरूमवर त्यांची बेडरूम.

दोन दिवसांनी मुलगा खाली आला. "काका, तुमचा देव्हारा हलायच्या आधीच बाबा हॉलमध्ये फरशीवर झोपतायत. पलंग भिंतीतच बसवलेला, हलवता येत नाही. कंबर धरलीय त्यांची, पण ऐकत नाहीत. तुम्ही जरा समजवा ना."

मी दादांना बोलावून घेतलं. ते कण्हत कण्हत फरशीवरच बसले. "दादा, तुमच्या पलंगाचं देवाला कसलं आलंय ओझं?" मी म्हटलं.

 दादा मान खाली घालून बोलू लागले.

"आमच्या बांधावं देव व्हता. शेंदूर लावलेला दगड. पयली लोंबी आई त्याच्यापुढं ठेवायची, मंगच घरात नवा भात शिजायचा. जमीन दिली तवा म्हनली, त्याला आधी घरी आन. मी म्हनलो, आनतो." त्यांनी बोटातली अंगठी फिरवली. "मशीन खोदायला आली, त्याच दिवशी माझी नवी गारी आलेली. मी गारीला हार घालत व्हतो, पेढं वाटत व्हतो. सांजचा गेलो, तर बांधच नाय. माती हातानं उकरली, भाऊ. नाय घावला."

"आणि आई?" सुलभाने विचारलं.

"रोज इचारायची, देव आनलास ना रं? मी सांगायचो, आनलाय, नीट ठेवलाय. ती जाईपर्यंत तेच सांगत व्हतो." त्यांनी डोळे पुसले. "एकाच्या डोक्यावं घर बांधून बसलोय. आता दुसऱ्याच्या डोक्यावं नको."

 

"दादा, देव्हारा हॉलमध्येच राहू दे," सुलभा म्हणाली. "तुम्ही आज पलंगावर झोपा."

दादांनी मान डोलावली. उठण्याआधी ते नमस्काराला वाकले. मला वाटलं, देव्हाऱ्यापुढे वाकतायत. पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. दोन्ही तळवे फरशीवर टेकवले, कपाळ टेकवलं आणि फरशीलाच हळू आवाजात विचारलं, "हायेस ना रं खाली?"

सोफ्यावर बसलेल्या आम्हा दोघांनीही नकळत पाय उचलून वर घेतले.