नंदिनी मॅडमची चौकशी

वर्षाली वडनेरला माहेरी जाऊन वीस दिवस झाले होते. एकविसाव्या दिवशी तिचा निरोप आला, की शनिवारी अकरा वाजता धनंजयनं वर्ध्याला नंदिनी मॅडमकडे समुपदेशनाला यावं. आला तर बोलू, नाहीतर आपापली वाट धरू. धनंजय लगेच कबूल झाला, कारण त्याला बायको हवी होती. कबूल नव्हते ते त्याचे वडील रूपराव, ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

संशय घेतल्याशिवाय रूपरावांना अन्न पचत नसे. दूधवाल्याच्या दुधावर संशय, कृषी केंद्राच्या बियाण्यावर संशय आणि सुनेच्या नावानं येणाऱ्या प्रत्येक पार्सलवर तर दुप्पट संशय. पार्सल दारात आलं की ते विळ्यानं फाडून पाहत. "घरात काय येते ते घरधन्याले मालूम पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. वर्षाली नवऱ्याला म्हणायची, बाबांना काहीतरी बोला. धनंजय मान हलवायचा आणि वर्ध्याला कॉलेजातल्या नोकरीवर निघून जायचा. वीस दिवसांपूर्वी तो विळा पार्सलसकट आतल्या नव्या साडीतून आरपार गेला. धनंजयनं तेव्हाही मानच हलवली.

"आघात, व्यसन, नातेसंबंध," रूपरावांनी मोबाइलमधला मॅडमच्या पाटीचा फोटो डोळ्यांजवळ धरून वाचला. "तीन बिमाऱ्या अन् बाई एकच?"

"शिकेल हाय त्या, बाबा."

"शिकेल हाय म्हनून कोन सांगते? पाटी त मीबी लावतो उद्या. लगन झालं का तिचं?"

"नाई वाटते."

"घ्या! पान्यात पाय नाई टाकला अन् पोहनं शिकवते. व्यसन सोडवते म्हनते, कधी खर्रा खाल्ला का तिनं?" असं म्हणत त्यांनी आपल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी तळहातावर घोळायला घेतली.

"तुमी खाता ना चाळीस वर्षांपासून," स्वयंपाकघरातून देवकाबाई म्हणाल्या. "तुमीच लावा पाटी."

रूपरावांनी बायकोकडे नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं. "गाव कोन्तं तिचं?"

"वडनेर. तिथल्या मधुकररावची पोरगी."

रूपराव ताडकन उठले. "सुनेच्या गावची! मंग काय, निकाल आधीच लागला. आता पुरी चौकशी केल्याशिवाय मी तुले जाऊ देत नाई."

आता, रूपरावांना आयुष्यात चौकशी एकाच प्रकारची ठाऊक होती. भावाच्या चार पोरींची स्थळं त्यांनी पारखली होती. दुसऱ्या दिवशी एसटीनं ते गुपचूप वडनेरला उतरले आणि बाबारावच्या पानठेल्यावर उभे राहिले.

"मधुकररावची पोरगी नंदिनी, कशी हाय जी?"

"चांगली हाय. काऊन?"

"स्वभाव?"

"शांत हाय."

"घरात कोनाले दारूगिरूचा नाद?"

"नाई जी, माळकरी घर हाय."

"शिक्षन खरं हाय का नुसतं सांगाचं?"

"नागपूरले एम. ए. झाली. गावभर पेढे वाटलते."

"मंग लगन काऊन नाई झालं अजून?"

बाबारावच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं कात्री बाजूला ठेवली. "पोरगं काय करते तुमचं?"

"वर्ध्याले नोकरीले हाय," रूपराव बोलून गेले. हा प्रश्न आला की कोणत्याही बापाच्या तोंडून उत्तर आपोआप निघतं. मागोमाग आंजी हे आपलं गाव आणि स्वतःचं नावही निघालं. ठेल्याजवळच्या बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत होता, त्यानं पेपर हळूच खाली केला. तो वर्षालीचा सख्खा चुलता होता.

एसटी आंजीला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. रूपराव घरात शिरले तेव्हा धनंजयचा फोन स्पीकरवर होता.

"बाबा वडनेरले सवत पाहाले आलते का मायी?" वर्षाली ओरडत होती. "अन् पाहून पाहून समुपदेशनवाल्या मॅडमच पाहिल्या? मले आता समुपदेशन नाई पायजे. मी वकिलाकडे जातो!"

"अवं, मी फकस्त बाईची मायती काढाले गेलतो," रूपराव म्हणाले.

"लगन काऊन नाई झालं, ही मायती?"

रूपरावांनी खर्र्याची पन्नी चाचपली. आणि तेवढ्यात मान हलवणारा धनंजय बोलला.

"बाबा, तुमी पार्सलं फाडली, साडी फाडली, आता माया संसार फाडाले निंगाले का? आना तो विळा इकडे. आजपासून वर्षालीच्या वस्तूले हात लावाचा नाई!"

फोनमधून वर्षालीचा आवाज आला, पण अगदी बारीक. "हे कोन बोललं?"

"मी बोललो."

"खरंच? मंग शनिवारी येजा. अन् बाबालेबी आनजा."

शनिवारी देवकाबाईंसकट चौघं नंदिनी मॅडमच्या खोलीत बसले. भिंतीवर तीन प्रमाणपत्रं होती. रूपरावांनी उठून तिन्हींवरचे शिक्के निरखले. मॅडमनी त्यांना निरखू दिलं.

"रूपराव तुम्हीच ना? काल माझे वडील आंजीला येऊन गेले. स्थळाची चौकशी करायला."

रूपरावांनी प्रमाणपत्रं सोडून खुर्ची गाठली.

"मुलाचं लग्न झालंय हे पहिल्याच माणसानं सांगितलं. पण घर कसं आहे असं बाबांनी विचारलं, तर संध्याकाळपर्यंत लोक त्यांना उठूच देईनात."

"कोन कोन बोललं?" रूपरावांनी संशयानं विचारलं.

"ते जाऊ द्या. ऐकीव गोष्टींवर मीही विश्वास ठेवत नाही, म्हणून तुम्हालाच विचारणार आहे. धनंजय, वर्षाली, तुम्ही बाहेर जरा चहा घ्या."

दोघं निघाली, एकमेकांकडे बघत. वर्षालीनं त्याचा शर्ट मागून नीट केला. मॅडमनी कोरा फॉर्म पुढे ओढला. नातेसंबंधापुढे खूण केली. रूपरावांच्या फुगलेल्या गालाकडे पाहून व्यसनापुढे केली. मग पेन थांबलं.

"आणि आघात?"

"आमाले काई आघातगिघात नाई," रूपराव गुरगुरले.

"त्याईले नाई, बाई," मागच्या खुर्चीवरून देवकाबाई शांतपणे म्हणाल्या. "तेवढा माया नावानं लिवा. चाळीस वर्षं होऊन राह्यले."

नंदिनी मॅडमनी दुसरा फॉर्म काढला.