एका फेऱ्याचे चार

मागातलं सरफराजइतकं सोलापुरात कुणाला कळत नाही, असं सरफराजचं स्वतःचं ठाम मत होतं.

भवानी पेठेत सोमशेखर मालकांच्या चादरीच्या कारखान्यात तो माग दुरुस्त करायचा. जीव मात्र सगळा माळशिरसला. बायको कौसर बाळंतपणाला माहेरी गेली, लेक झाली, आणि या बापानं तिला अजून फोनमध्येच पाहिलेलं! ती जांभई द्यायची अन् याचा घास हातातच राहायचा. पण मालकांनी बजावलं होतं, आधी ऑर्डरीच्या चादरी, मग सुट्टी.

अशात मागावरचा रिझॉल्व्हर जळाला. कापड ओढणारी मोटर किती फिरली, किती वेगानं फिरतेय, हे तोच सांगतो. सरफराजनं नवा बसवला आणि पडद्यावर आकडे सुसाट पळायला लागले. माग चौपट धावतोय! आपल्या हाताचा गुण, असं तो कारखानाभर सांगत सुटला. दुपारीच पडद्यानं ऑर्डरीइतकं कापड झाल्याचं दाखवलं. मालकांनी खुशीत सुट्टी दिली अन् टेम्पो बोलावला. सरफराजनं कौसरला कळवलं, संध्याकाळच्या एसटीनं येतोय. तिकडं सासूनं बिर्याणीचा घाट घातला, पोरीला नवं झबलं चढलं.

टेम्पो आला. रूळ उलगडून चादरी कापल्या, तर टेम्पोचा जेमतेम एक कोपरा भरला.

सरफराजनं मोटरीच्या दांड्यावर खडूची खूण केली आणि हातानं एकच फेरा दिला. पडद्यानं चार मोजले. नवा रिझॉल्व्हर जास्त चुंबकी ध्रुवांचा होता, एका फेऱ्यात चार फेरे दाखवणारा. आकड्याला चारानं भागायचं असतं, तसं खोक्यावर लिहिलंही होतं. खोका सरफराजनं लेकीच्या खेळण्यांसाठी जपून ठेवला होता, वाचला तेवढा नव्हता.

राहिलेल्या चादरी होईस्तोवर सुट्टी रद्द झाली. भरलेली बॅग मागाशेजारी ठेवून त्यानं कौसरला फोन लावला आणि ध्रुव, फेरे, सगळं समजावलं. पलीकडं पोर कुरकुरत होती.

"म्हंजे पाव रस्त्यातच तुमचं यंत्र पोचलो म्हणतंय?" कौसरनं विचारलं.

"व्हय."

"मग चारदा निघा की, म्हंजे एकदा पोचाल. बिर्याणी आमी खातो." मग तिचा आवाज खाली आला. "झबलं मात्र काढत न्हाय तिचं. लवकर या."