चौथी चावी

बसा हो, ही उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही. आमच्या इमारतीतल्या चावीवाल्याचं काय झालं ते सांगतो. हसू येईल तुम्हाला, हसा. पण त्या माणसाला दोन दिवस घास गिळवला नव्हता, तेवढं ध्यानात ठेवून हसा.

चावीवाला म्हणजे पाणी सोडणारा. तळाला पंपाची खोली आहे. तिथं पाइपांवर चार चाव्या, गाडीच्या स्टिअरिंगएवढी लोखंडी चाकंच म्हणा. बावीस वर्षं हा पहाटे चारला उठून त्या फिरवायचा, तेव्हा कुठं सहाला घरोघरी पाणी. त्या कामावर पंपामागची खोली राहायला मिळालेली. आता त्याचं वय भरत आलं. सेक्रेटरी म्हणाले, "घरातलं कोणी तयार करा. सोमवारी मी स्वतः येऊन बघतो. जमलं तर खोली तुमच्याकडेच. नाही जमलं तर नवा माणूस, आणि खोली त्याची."

मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. राहिली सून. सासऱ्यानं तिला पहाटे उठवून पंपाजवळ उभं केलं.

"नीट बघ. पहिली पूर्ण उघडायची, दुसरी अर्धी. पंप चालू. मग चाळीस आकडे मोजायचे. पंपाला डाव्या पायाची लाथ घालायची. मग तिसरी. आणि मग चौथी, अडीच फेरे."

"मामंजी, पहिली आधी का?"

"कारण ती पहिली आहे."

"पण पहिली का?"

"अगं, तू सून आहेस का पोलीस?"

सून दबली नाही. म्हणाली, "घोकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. कारण कळलं तर विसरत नाही. सोमवारी चुकले तर आपण सगळे भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर."

आता आली का पंचाईत? चावीवाल्याला कारण माहीतच नव्हतं. त्याच्या उस्तादानं त्याला टपल्या मारत शिकवलेलं, "विचारू नको, फिरव." पण सुनेसमोर कमीपणा कसा घ्यायचा? दुपारी बॅटरी घेऊन गडी पाइपाखाली आडवा झाला. एकेक पाइप हातानं चाचपत वर गच्चीपर्यंत गेला, आणि धावत खाली आला.

"अगं, पाणी आळशी असतं! खालच्या मजल्यांची चावी आधी उघडली तर ते वर कशाला चढतंय? म्हणून वरच्या मजल्यांची ती पहिली! आणि दुसरी मधल्या मजल्यांची. ती पूर्ण उघडली तर वरच्यांचं सगळं तीच गिळते, म्हणून अर्धी! आणि तिसरी खालच्यांची, म्हणून ती मागून!"

चेहरा असा, जणू पंप त्यानंच शोधून काढलाय. बायको आतून म्हणाली, "पस्तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही, आता पाइपांचं ऐकतायत."

माणसाला एकदा कारणांची चटक लागली की सुटत नाही. तो चौथीकडे वळला.

चौथी म्हणजे त्याचा जीव. सगळ्यांत घट्ट, म्हणूनच सगळ्यांत महत्त्वाची, असं त्याचं गणित. तिला रोज तेल पाजायचं, फडक्यानं घासायचं, मग दम घेत घेत अडीच फेरे. दोन तासांतला दीड तास तिचा. पाठ तिच्यापायीच गेली. दुसऱ्या कुणाकडून ती फिरत नाही म्हणून हा सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेला नाही. बहीण अजून बोलत नाही.

चौथीचा पाइप भिंतीत शिरत होता. भिंतीपलीकडे जाऊन बघितलं, तर निघतच नव्हता.

सून हळूच म्हणाली, "मामंजी, उद्या एक दिवस हिला हात नका लावू."

दुसऱ्या दिवशी चौथी बंद. चावीवाला जिन्यात बसून राहिला, आता कोण बोंबलत येतंय म्हणून. सात वाजले, नऊ वाजले. कोणी येईना. शेवटी तोच दारं वाजवत सुटला.

"ताई, पाणी आलं का हो?"

"आलं की."

"पण... नीट आलं?"

"उलट आज जरा जोरातच आलं."

त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. तसाच गेला उस्तादाकडे. उस्ताद आता नव्वदीचा, ठार बहिरा. चावीवाला ओरडला, "चौथी चावी कशाची?"

"ती होय? मागं कपडे धुवायची खोली होती, तिची. तू यायच्या आधीच पाडली."

"मग मला फिरवायला का लावलीत?"

"तू विचारलं नाहीस!"

"आणि चाळीस आकडे?"

"तेवढ्यात माझी सिगारेट संपायची."

"लाथ?"

"उकिडवं बसून पायाला मुंग्या यायच्या रे!"

परत येऊन चावीवाला चौथीसमोर जो बसला, तो जेवायलाही उठेना. म्हणायचा, "बावीस वर्षं मातीला चावी फिरवली मी. बहिणीला काय सांगू?"

सून मात्र खुशीत. रविवारी पहाटे तिनं एकटीनं पाणी सोडलं. "मामंजी, पंधरा मिनिटांत झालं सगळं!"

तेवढं ऐकून म्हातारा ताडकन उठला. "पंधरा मिनिटं? पंधरा मिनिटांच्या कामाला खोली कोण देतं गं?"

सुनेचा चेहराच उतरला. मग दिवसभर दोघांची उलटी शाळा. जे समजलं होतं ते बाजूला ठेवून चाळीस आकडे, डावी लाथ, तेल, फडकं, अडीच फेरे.

सोमवारी सुनेनं लाथ अशी घातली की सेक्रेटरी दोन पावलं मागं सरले. चौथीला ती घामाघूम झाली. ते म्हणाले, "बाप रे! हे येरागबाळ्याचं काम नव्हे. खोली तुमचीच."

चावीवाल्याच्या जिवात जीव आला. सेक्रेटरी दारापर्यंत गेले आणि वळले.

"तुमच्यासारखा जाणकार माणूस चालला, पण त्याची विद्या जाता कामा नये. असं करा, सगळं एका फळ्यावर लिहा. डावीकडे काम आणि उजवीकडे त्याचं कारण. शुक्रवारी भिंतीवर लावू."

फळा पंपाच्या खोलीत उभा आहे. पहिल्या तीन चाव्यांची कारणं सुनेनं झकास लिहिलीत. पुढच्या तीन रकान्यांसमोर सासरा खडू धरून बसलाय, काल दुपारपासून.

म्हणून तुम्हाला बसवलं. चार बुकं शिकलेले दिसता. लाथेचं आणि चाळीस आकड्यांचं आम्ही बघतो कसंतरी. तेवढं चौथीचं एखादं भारदस्त कारण सांगा हो, शुक्रवारच्या आत.