घरभाड्याचे पाच नमुने

भाड्याने घर शोधणं हे शेवटी मोजमापाचं काम आहे, आणि मोजमाप हा माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे "सात दिवसांत रास्त भाड्याचं घर मिळवून दाखवते," असं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा त्यात मला बढाई अशी काही वाटलीच नाही.

"तळमजल्यावरचं," आई म्हणाली.

"तळमजल्यावरचंच."

"आणि संडासात कमोड हवा."

"लिहून घेतलंय."

"तू लिहूनच घेतेस," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पुढच्या रविवारी तिला दवाखान्यातून सोडणार होते आणि मग दोन महिने ती माझ्याकडे राहणार होती. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की एकही पायरी चढायची नाही. मी राहत होते दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या एकतीस. म्हणजे डॉक्टरांच्या आणि माझ्या आकड्यात एकतीसचा फरक पडत होता.

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. आसपासच्या गावांतले शेतकरी पिशवीतून माती आणतात आणि तिच्यात काय आहे, काय नाही ते आम्ही सांगतो. या कामाचा पहिला धडा असा, की एका जागची माती म्हणजे शेत नव्हे. शेतात पाच ठिकाणी खणायचं, पाचही ठिकाणची माती घमेल्यात कालवायची आणि मगच तपासायची. एकाच जागची आणलीत, तर नेमकी तिथे आदल्या दिवशी गाय बसलेली असते आणि तुमचं अख्खं शेत सुपीक ठरतं!

सोमवारीच मला घर सापडलं. निवृत्त पोस्टमास्तरांचं. मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको, पुढच्या दोन रिकाम्या. अंगणातून सरळ आत. पायरी नाही, उंबरठासुद्धा नाही. आणि कमोड!

"भाडं किती, काका?"

"चार हजार द्या."

एखादी शहाणी मुलगी तिथेच खांद्यावरची पिशवी उतरवून बसली असती. पण चार हजार रास्त की जास्त, हे ठरवायचं कशावरून? आमच्या गावात भाड्याला रिकामी घरं मोजून तीन. कुणी पाटी लावत नाही, कुणी जाहिरात देत नाही. घरमालक आधी तुमच्या चपलांकडे बघतो आणि मग आकडा सांगतो. शिक्षकाला एक, बँकवाल्याला दुसरा. तेव्हा एकटीने विचारलेलं भाडं म्हणजे एकाच जागची माती!

"दोन-चार दिवसांत सांगते," मी म्हणाले.

"बघा हं. आणखी लोक येतील."

असं प्रत्येक घरमालक म्हणतो. ते घर वर्षभर रिकामं पडलं होतं. पण या वेळी लोक खरोखरच येणार होते, कारण ते मी पाठवणार होते.

मंगळवारी मी आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरला गाठलं.

"मॅडम, मला स्वतःचं घर आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर तुम्ही जा. तुमचा यात स्वार्थ नाही."

स्वार्थ नसलेला ड्रायव्हर तासाभराने परत आला. "चार हजार दोनशे. वर चहा दिला."

बुधवारी टायपिस्टबाई गेल्या. "साडेचार. चहा नाही. आणि त्यांची बायको मला वरपासून खालपर्यंत बघत होती. म्हणाली, तीन दिवसांत तुम्ही तिसऱ्या."

गुरुवारी क्लार्क गेला. "पाच हजार. दोन महिन्यांचं आगाऊ. आणि म्हणाले, लवकर ठरवा, रांग लागली आहे."

मी आलेखाच्या कागदावर चार बिंदू मांडले. ते जिन्यासारखे वर चालले होते. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला आनंद झाला! वर मथळा दिला, 'ग्रामीण घरभाड्याचा कल', आणि पट्टीने रेघ पुढे ओढली. याच वेगाने वर्षभरात पोस्टमास्तरांच्या दोन खोल्यांचं भाडं लाखाच्या वर जाणार होतं. हे जरा जास्त वाटलं. पण पट्टी सरळ होती, त्याला मी काय करणार?

आमचे साहेब मातीखेरीज कशातच लक्ष घालत नाहीत. पण आलेख बघून ते खुर्चीतून उठले.

"अहो, हे लोकांना कळायला हवं!" असं म्हणून त्यांनी तो बाहेरच्या फलकावर, 'शेणखत कसे कुजवावे' या तक्त्याशेजारी, टाचण्या मारून लावला. मग मागे सरकून बघितलं. "पण हे चारच? पाचवा नमुना कुठे आहे?"

"तोच राहिलाय, सर."

"मग मी जातो."

"पण सर, साध्या माणसासारखे जा. त्यांना संशय यायला नको."

शुक्रवारी साहेब साध्या माणसासारखे गेले. म्हणजे ऑफिसच्या जीपमधून. मागे माती काढायचं कमरेएवढं गिरमिट. जीप चालवायला तोच ड्रायव्हर. पोस्टमास्तर ओळखतील म्हणून तो खाली उतरला नाही. बसल्या जागेवरून त्याने फक्त हात केला.

"सात हजार!" साहेब परत आले ते घामाघूम. "आणि अंगण काय सुरेख आहे हो त्यांचं! मला राहवलं नाही. पाच ठिकाणी गिरमिट घालून नमुना घेऊन आलो."

मी एका वहीत सात हजार लिहिलं आणि दुसऱ्या वहीत मातीची पिशवी नोंदवली. वह्या दोन असल्यामुळे दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत.

शनिवारी सकाळी माझ्या घरमालकीणकाकू जिना चढून वर आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा! दारात उभ्या राहून त्यांनी आधी दम घेतला आणि मग माझा दम काढला.

"पुढच्या महिन्यापासून चार हजार."

"काकू, बावीसशेचे एकदम चार हजार?"

"प्रकल्प येतोय गावात."

"कसला प्रकल्प?"

"ते अजून बाहेर फोडलेलं नाही. पण मोठा आहे. बाहेरची माणसं घरं बघत फिरतायत. आणि तुमच्याच ऑफिसच्या फलकावर लिहिलंय की सगळं!"

काकू गेल्या आणि मला हायसं वाटलं. भाडं वाढल्याचं नव्हे, कारण सापडल्याचं! आलेख एवढा चढतोय, तर त्यामागे काहीतरी असणारच. मी वहीत लिहिलं, 'कारण: प्रकल्प. स्थानिक सूत्रांकडून दुजोरा.'

ऑफिसात तर गर्दी. मातीची पिशवी कुणाच्याच हातात नाही.

"मॅडम, माझ्या जमिनीचं राहू द्या," एक शेतकरी दादा म्हणाले. "गोठ्याला भाडं किती येईल, ते सांगा."

"दादा, गोठ्यात गाय असेल ना?"

"तिला मेव्हण्याकडे पाठवली. आता चुना मारतोय."

मग माझं धाबं दणाणलं. प्रकल्पाचे लोक यायच्या आत घर धरायला हवं! सात तर सात! मी तडक पोस्टमास्तरांकडे गेले.

"उशीर केलात," ते म्हणाले. "आता प्रकल्पाच्या बड्या अधिकाऱ्यासाठी राखून ठेवलंय. आठ हजार."

"पण काका, प्रकल्प येतोय हे तुम्हाला नक्की कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डोळे आहेत ना! आठवड्यात पाच माणसं. सोमवारी तुम्ही. मग एक दणकट माणूस, मग एक बाई, मग एक चष्मेवाला. आणि काल खुद्द साहेब! सरकारी जीप. अंगणात पाच ठिकाणी खणलं, पिशवीत माती भरली, वर चिठ्ठी लावली. आणि जीप चालवायला कोण? तोच दणकट!"

माझ्या डोक्यात दोन वह्या एकदम उघडल्या.

"काका," मी म्हणाले, "प्रकल्पबिकल्प काही नाही. ती चारही माणसं मीच पाठवली होती. आम्ही सगळे एकाच ऑफिसातले आहोत."

पोस्टमास्तरांनी आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "ऐकलंस का गं? सगळे एकाच ऑफिसातले! मी म्हणत नव्हतो?"

"अहो काका, खरंच नाहीये प्रकल्प!"

"असू दे, असू दे. तुम्हाला नाहीच म्हणावं लागतं, समजतं मला. पस्तीस वर्षं लोकांची पाकिटं हाताळली आहेत. आत काय आहे ते न फोडता ओळखतो."

मी सही-शिक्क्यानिशी लिहून देते म्हणाले. त्यावर तर त्यांची खात्रीच पटली. नसलेल्या गोष्टीसाठी कोण शिक्का मारतं?

रविवारी दुपारी मामा आईला गाडीतून घेऊन आला. मी तिला काहीच कळवलं नव्हतं. बाकीची दोन घरं पाहून झाली होती. एकाला सहा पायऱ्या होत्या आणि दुसरीकडे आदल्याच दिवशी मालकाने दहा हजार सांगितले होते. आईला टेकवायचं कुठे? बिनपायरीची एकच जागा मला ठाऊक होती.

"काका, पाच मिनिटं बसू द्या हिला," मी पोस्टमास्तरांच्या अंगणात उभी राहून म्हणाले.

"हेच का आपलं घर?" आईने वॉकर टेकवत विचारलं.

"जवळजवळ."

आईने माझ्याकडे बघितलं. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवलं की ती अशी बघायची.

पोस्टमास्तरांच्या बायकोने लगबगीने खुर्ची आणली, पाणी आणलं. पोस्टमास्तर जरा वेळ चाचरले आणि मग अदबीने म्हणाले, "आपणही प्रकल्पाच्याच कामाने?"

"कसला प्रकल्प?"

त्यांनी सगळं सांगितलं. माणसं, जीप, गिरमिट, बडा अधिकारी. आईने पाणी पीत शांतपणे ऐकून घेतलं आणि भांडं खाली ठेवलं.

"या रस्त्याने येणार का प्रकल्प?"

"म्हणजे?"

"अहो, हमरस्ता सोडल्यापासून इथवर सदतीस खड्डे आहेत. डोळे मिटून बसले होते, तरी सांगते. एकेकाला गुडघ्याने दाद दिली आहे. एवढासा पाय घेऊन मी येता येता अर्धमेली झाले, आणि ते लोक यंत्रं काय डोक्यावर घेऊन येणार?"

पोस्टमास्तरांनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं.

"रस्त्याचं लक्षातच आलं नाही," पोस्टमास्तर पुटपुटले.

"मी कधीची सांगत होते," त्यांची बायको म्हणाली. तिने काहीही सांगितलेलं नव्हतं.

सात दिवस, पाच नमुने, एक गिरमिट आणि एक आलेख यांनी चढवलेला बाजार एका गुडघ्याने जमिनीवर आणला!

"मूळ भाडं किती होतं?" आईने विचारलं.

"चार हजार."

"साडेतीन."

पोस्टमास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायकोने आईच्या पायाकडे बघितलं.

"बरं," पोस्टमास्तर म्हणाले. "पण या मॅडम पुन्हा कुणाला पाठवणार नाहीत ना?"

"तिला मी बघते."

संध्याकाळी मामाने सामान लावून दिलं. आई खाटेवर पाय लांब करून पडली. मी वही घेऊन शेजारी बसले. आयुष्यात प्रथमच मला तिच्याकडून शास्त्र शिकावंसं वाटत होतं.

"आई, साडेतीन हा आकडा तू कसा काढलास? घराचा आकार? आसपासची मागणी? की त्यांची घासाघीस करायची ताकद ओळखलीस?"

"काढायचा कशाला?" आई कूस बदलत म्हणाली. "पर्समध्ये तेवढेच होते."